रद्दीतून उभं राहिलेलं सरकार: कैरोच्या सिनेगॉगमधले फातिमी कागद

शाईचा डाग (धागा सुरू करताना)

मंडळी, नमस्कार.

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाने कैरोहून आलेले जुने कागद जालावर पाहायला ठेवले आहेत. दीड वर्षापूर्वी रात्री सहज ते चाळत बसलो होतो. हिब्रू प्रार्थनागीतांचा एक कागद समोर आला. बारीक, दाटीवाटीने लिहिलेल्या ओळी, आणि त्यांच्या मधूनच चाललेली जाड काळी अरबी अक्षरं. एकेक अक्षर हिब्रू अक्षराच्या पाच-सहा पट मोठं. दोन्ही कडांना शब्द कापलेले. आधी वाटलं, कुणी नंतर गिरगटलं असेल. प्रकार बरोब्बर उलटा निघाला. अरबी आधीचं, हिब्रू नंतरचं. आणि ती अरबी अक्षरं होती मध्ययुगात इजिप्तवर राज्य करणाऱ्या खुद्द फातिमी खलिफाच्या हुकुमाची.

तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. जमेल तसं इथे मांडतो.

जुन्या कैरोत, म्हणजे फुस्तातमध्ये, बेन एझ्रा नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. ज्या कागदावर देवाचं नाव असू शकतं तो फाडायचा किंवा जाळायचा नाही, अशी ज्यूंची रीत. असे निकामी कागद एका खोलीत टाकून देत. तिला म्हणतात गेनिझा. प्रत्यक्षात हिब्रू लिपीतलं जवळजवळ काहीही तिथे जाऊन पडायचं: पत्रं, हिशेब, करारमदार, मुलांचे अक्षर गिरवायचे कागद. १८९६-९७ मध्ये केंब्रिजचे सॉलोमन शेश्टर तिथे गेले आणि सुमारे १,९३,००० तुकडे घेऊन आले. बाकीचे जगभरच्या ग्रंथालयांत पांगले.

पुढची कित्येक दशकं अभ्यासकांचं सगळं लक्ष हिब्रू लिपीतल्या मजकुराकडे होतं, आणि ते रास्तही होतं. एस. डी. गोइटाइन यांनी त्या पत्रांतून भूमध्य समुद्राकाठच्या माणसांचं अख्खं जग उभं केलं. पण पुष्कळ कागदांच्या पाठीवर किंवा ओळींच्या मधे अरबी लिपीतलं काहीतरी होतं, ते बाजूला पडलं. १९६० च्या दशकात सॅम्युएल स्टर्न यांनी फातिमी हुकूमनामे आणि अर्ज वाचून छापले, नंतर जेफ्री खान यांनी केंब्रिजमधले अरबी कायदेशीर आणि सरकारी कागद संपादित केले, आणि अलीकडे प्रिन्स्टनच्या मरीना रुस्तो यांनी सरळ विचारलं की सरकारी कागद सिनेगॉगच्या रद्दीत पोचलेच कसे? या प्रश्नाच्या पोटात मोठा वाद आहे. इतिहासात वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की मध्ययुगीन इस्लामी राज्यांना दफ्तर सांभाळायची सवय नव्हती. युरोपातल्या मठांत आणि राजवाड्यांत कागद टिकले, इकडे टिकले नाहीत, म्हणजे इकडे कारभार सुलतानाच्या लहरीवर चालायचा. या रद्दीने तो समज मोडीत काढला असं माझं ठाम मत आहे.

आधी हुकूमनामा दिसायचा कसा ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथे आहे. फातिमींनी ९६९ मध्ये इजिप्त घेतला, कैरो वसवलं आणि ११७१ पर्यंत राज्य केलं. त्यांच्या काळात पपायरस मागे पडून कागद आला होता. हुकूम लिहायचा तो कागदाला कागद खाली चिकटवत केलेल्या लांबलचक गुंडाळीवर. अक्षर डौलदार, ओळ डावीकडे जाता जाता होडीच्या टोकासारखी वर उचललेली, शेवटचे शब्द एकमेकांच्या डोक्यावर रचलेले. आणि दोन ओळींमधली जागा इतकी ऐसपैस की तळहात मावावा. कागद महाग, तरी एवढी जागा कोरी सोडायची, कारण ती कोरी जागाच सत्तेचा थाट होता. हुकूम जमावापुढे वाचून दाखवला जायचा. मजकूर ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नसेल, पण हा कागद कुणाचा हे लांबूनही कळत असणार.

हीच कोरी जागा पुढे कामाला आली. हुकुमाचं काम संपलं की गुंडाळीचे तुकडे झाले, आणि सिनेगॉगमधल्या कुणा गायकाने त्या मोकळ्या ओळींत आपली प्रार्थनागीतं उतरवून घेतली. सत्तेने थाटासाठी जागा सोडली नसती, तर हे तुकडे कुणी जपलेच नसते.

---

प्रश्नोपनिषद

लेख आवडला, पण एक शंका. रद्दीत सापडलेल्या कागदांवरून ‘दफ्तर व्यवस्थित होतं’ असं कसं म्हणता येईल? व्यवस्थित दफ्तर असतं तर खलिफाचा हुकूम कापून त्यावर गाणी लिहायची हिंमत कुणाला झाली असती? मला तर यात बेफिकिरी दिसते.

---

शाईचा डाग

शंका रास्त आहे, मीही तिथेच अडलो होतो. उत्तर त्या कागदांवरच्या खुणांमध्ये आहे.

अर्जाचंच घ्या. अरबीत त्याला ‘रुक्आ’ म्हणत, म्हणजे आपला रुक्का. त्याची घडण ठरलेली: वरच्या कोपऱ्यात ‘दास अमुक’ असं अर्जदाराचं नाव, मग बिस्मिल्ला, खलिफासाठी दुवा, मग ‘दास जमिनीचं चुंबन घेऊन निवेदन करतो’, मग गाऱ्हाणं, मग मागणी, आणि शेवटी ‘निर्णय स्वामींच्या थोर मताधीन’ अशा अर्थाचं वाक्य. कैरोतला असो की लांबच्या खेड्यातला, दोघांच्या अर्जांचा साचा एकच. याचा अर्थ हे अर्ज जाणकार लेखनिक लिहून देत असणार, आणि कुठल्या शब्दांचा अर्ज दरबारात चालतो हे सर्वदूर ठाऊक होतं.

पुढे काय होतं ते पाहा. अर्ज दरबारात गेला की त्यावर आधी ‘बारीक कलमा’ने थोडक्यात शेरा पडायचा. मग दुसरा अधिकारी ‘जाड कलमा’ने तो शेरा रीतसर हुकुमाच्या भाषेत वाढवायचा. ही कलमांची नावं कलकशंदी या मामलुक काळातल्या (मामलुक म्हणजे पुढे इजिप्तवर राज्य केलेले सुलतान) लेखनिकाने फातिमी रीत सांगताना नोंदवली आहेत. हुकूम तयार झाला की त्यावर खलिफाची खूण, ‘अलामा’, म्हणजे ‘अल्-हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन’ एवढं वाक्य. आणि त्यानंतर वेगवेगळ्या दीवानांच्या, म्हणजे सरकारी खात्यांच्या, नोंदी: ‘अमुक दीवानात दाखल केलं’, ‘तमुक दीवानात उतरवलं’. एकाच कागदावर अशा अनेक हातांच्या नोंदी सापडतात, आणि त्या हुकुमाच्या मजकुरासारख्या डौलदार नाहीत. भराभर, बिनटिंबांच्या, अक्षराला अक्षर जोडून लिहिलेल्या. रोज शेकडो वेळा तेच लिहिणाऱ्या कारकुनाचा हात तो. नक्कल ठेवायला दफ्तरच नसतं, तर ‘नक्कल ठेवली’ अशी नोंद कशासाठी केली असती?

दफ्तर गेलं ते गेलं. पण दफ्तरातून बाहेर पडलेल्या कागदावर दफ्तराचा शिक्का राहिला.

---

निवृत्त लिपिक

मी महसूल खात्यात छत्तीस वर्षं काढली, त्यातली नऊ अभिलेख कक्षात. प्रश्नोपनिषद यांना एक सांगावंसं वाटतं. कागद नष्ट करणं ही बेफिकिरी नव्हे, तेही कामच आहे. आमच्याकडे अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. अ वर्ग कायम ठेवायचा, ड वर्गाचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं. मुदत संपली की यादी करून, वरिष्ठांची सही घेऊन नाशन. जे कार्यालय काहीच टाकत नाही तिथे हवा तो कागद कधीच सापडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका ठिकाणी बदलून गेलो तेव्हा चाळीस वर्षांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते आणि माणसं सातबाऱ्याच्या जुन्या नोंदीसाठी महिनोन्‌महिने खेटे घालत होती. पहिलं वर्ष मी फक्त निवडण्यात घालवलं.

त्यामुळे रद्दी बाहेर पडत होती यावरून मी तरी म्हणेन की आत कुणीतरी निवडत होतं.

मला एक सांगा, वसुलीच्या पावत्या वगैरे सापडल्या आहेत का? हुकूमनामे ठीक आहेत, पण सरकार चालतं ते पावत्यांवर.

---

शाईचा डाग

लिपिकसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. वर्गवारीचा मुद्दा मला इतका स्पष्ट सुचला नव्हता.

पावत्या भरपूर आहेत. जमीनमहसुलाच्या, जिझियाच्या, मालावरच्या जकातीच्या. हातभर कागदाचाही तुकडा नाही, पण नोंदी मात्र दोन-तीन अधिकाऱ्यांच्या. पैसे घेणारा ‘जहबध’, म्हणजे नाणं पारखून घेणारा, आपला पोतदार. पैसे त्याने घेतले तरी दुसऱ्या कुणीतरी ती रक्कम आपल्या वहीत चढवल्याची खूण पावतीवर करायची. एका माणसाच्या हातात घेणं आणि लिहिणं दोन्ही ठेवायचं नाही, ही काळजी त्यात दिसते. पुढे ‘दीवान अल-तहकीक’ नावाचं तपासणीचं खातंही होतं. हिशेबात आकडे बरेचदा ग्रीक-कॉप्टिक चिन्हांत लिहिलेले असतात, कारण हिशेबनिसांत कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधले मूळचे, ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या होते. राज्य शिया खलिफाचं, प्रजा बहुतांश सुन्नी आणि ख्रिस्ती, हिशेबनीस कॉप्टिक, काही अधिकारी ज्यू. राज्यकर्ते बदलले तरी कारकुनाची विद्या घराघरांतून चालत आली.

आणि साल! हिजरी साल चांद्र, ते पिकाशी जुळत नाही. म्हणून महसुलाचं वेगळं सौर साल, ‘खराजी’, चालवायचे. पावतीवर दोन्ही सालं लिहिलेली सापडतात.

---

मोडीवाचक

शेवटचा परिच्छेद वाचून उठून बसले. आपल्या शुहूर सनाचं मूळ दुखणं हेच! चांद्र साल शेतीला चालत नाही म्हणून मृग नक्षत्रापासून सुरू होणारं साल, आणि त्यातले आकडे चक्क अरबी शब्दांत: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस... मराठी कागद वाचायला शिकताना हे शब्द पाठ करावे लागतात. वसूल, बाकी, हिशेब, तहसील, महसूल, मजकूर हे शब्दही मूळ अरबी, फारशीतून दख्खनेत आलेले. तेव्हा फातिमी हिशेबातला ‘बाकी’ आणि आमच्या कुलकर्ण्याच्या वहीतला ‘बाकी’ एकच.

पण मला दुसरंच विचारायचं आहे. मराठी सनदांच्या शेवटी एक वाक्य हमखास येतं: ‘दरसाल ताजे सनदेचा उजूर न करणे, तालीक लेहोन घेऊन असल सनद भोगवटियासी परतोन देणे.’ म्हणजे दरवर्षी नवीन सनद मागू नका, नक्कल उतरवून घ्या आणि मूळ कागद ज्याचा हक्क आहे त्याला परत द्या. फातिमी हुकुमांत असं काही असतं का?

---

शाईचा डाग

असतं! आणि माझ्या मते सगळ्या कोड्याची किल्ली तिथेच आहे.

सिनाईतल्या सेंट कॅथरिन मठात भिक्षूंनी फातिमी हुकूमनामे शतकानुशतकं जपले. स्टर्न यांनी छापलेल्यांपैकी बरेचसे तिथलेच. त्यांच्या शेवटी याच अर्थाचं कलम येतं: दीवानांत नोंद झाल्यावर हा हुकूम त्यांच्या हाती पुरावा म्हणून राहू द्यावा. मूळ कागद धारकाकडे, नक्कल सरकारात.

आता युरोपशी केलेली तुलना पाहा. तिथे मठाने आपला दानलेख जपला म्हणून तो टिकला. तोही धारकानेच जपलेला कागद! सिनाईच्या भिक्षूंनीही नेमकं तेच केलं. फरक एवढाच की इजिप्तमधल्या बहुतेक धारकांना सिनाईसारखा हजार वर्षं न मोडलेला मठ मिळाला नाही. मूळ कागद पिढ्यांत विखुरले, आणि सरकारातल्या नकला सरकारासोबत गेल्या. ११७१ मध्ये सलाहुद्दीनने फातिमी गादी संपवली, मग त्या घराण्याच्या हुकुमाची नक्कल जपायची गरज कुणाला उरली?

---

अरबी शिकतेय

मला कळत नाही ते हे. धारकाकडचा कागद सिनेगॉगमध्ये आला हे समजतं, धारक ज्यू असेल. पण खलिफाच्या सगळ्याच हुकुमांचा ज्यूंशी संबंध नसणार ना? मग ते तिथे कसे आले?

---

शाईचा डाग

बरोबर, त्यांतल्या पुष्कळांचा नव्हता. प्रांतातल्या अधिकाऱ्याला पाठवलेला हुकूम, महसुलाचा अंतर्गत अहवाल, असे कागद खासगी माणसाकडे जायचं कारणच नाही. ते कार्यालयातूनच बाहेर पडले असणार. एक वाट म्हणजे दीवानात काम करणारे ज्यू कारकून, ज्यांचे सिनेगॉगशी घरचे संबंध. दुसरी, कागद विकणारे. मोठा, जाड, एका बाजूला कोरा कागद कोण वाया घालवेल? रुस्तो यांच्या मांडणीतला मला पटलेला भाग हाच: नोंद ठेवणं, नक्कल करणं, साठवणं आणि काढून टाकणं या एकाच साखळीच्या कड्या आहेत. आम्ही शेवटची कडी पाहून आधीच्या नव्हत्याच असं म्हणत राहिलो.

---

नाईलकाठी

नोकरीनिमित्त कैरोत आहे. बेन एझ्रा डागडुजीनंतर २०२३ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा जाऊन आलो. आजची इमारत १८९० च्या सुमारास पुन्हा बांधलेली. गेनिझा बायकांच्या सज्जाच्या टोकाला होती, भिंतीत उंचावर एक भोक आणि शिडी लावून त्यातून कागद आत टाकायचे. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत थंडावा, आणि त्या भिंतीकडे बघताना छातीत काहीतरी दाटून आलं. नऊशे वर्षांपूर्वीचा एखादा कंगाल विणकर, त्याने खलिफाकडे केलेला अर्ज, कारकुनाचा शेरा, हे सगळं त्या अंधारात पडून राहिलं होतं.

इथल्याच मकरीझीचा एक दाखला द्यायचा आहे. हा मोठा इतिहासकार, जन्म १३६४, मृत्यू १४४२, तरुणपणी स्वतः दरबारी लेखनखात्यात नोकरीला होता. त्याने लिहून ठेवलंय की सुलतान बरकूकच्या काळातल्या गोंधळात किल्ल्यातल्या लेखनखात्याच्या दालनातले कागद उचलले गेले आणि वजनावर विकले गेले. आणि बेल्जियमच्या लिएज विद्यापीठातले फ्रेडरिक बोदाँ यांना काय सापडावं? मकरीझीच्या स्वतःच्या हातच्या टिपणवहीतली काही पानं मामलुक सरकारी कागद कापून केलेली होती! त्या मोकळ्या ओळींत त्याने आपली टिपणं लिहिली. बोदाँ यांनी ती पानं जुळवून मूळ सरकारी मजकूर पुन्हा उभा केला. रद्दी विकली गेल्याची खंत करणाऱ्याच्या हातातच ती रद्दी होती, आणि त्याने वापरली म्हणून ती टिकली.

---

प्रश्नोपनिषद

‘बेफिकिरी’ हा माझा शब्द मी मागे घेतो. नोंदींचा मुद्दा पटला, आणि लिपिकसाहेबांचा त्याहून जास्त. तरी एक आक्षेप राहतो. कागदोपत्री पद्धत होती म्हणून न्याय मिळत होता असं होत नाही. अर्जात ‘जमिनीचं चुंबन’ घ्यायला लागतं यातच सगळं आलं.

---

शाईचा डाग

न्याय मिळत होता असं मीही म्हणणार नाही. अर्जांत अधिकाऱ्यांविरुद्धच्याच तक्रारी भरल्या आहेत: ज्यादा वसुली, धाकदपटशा, हक्काची जमीन बळकावणं. पण माणसं त्या वाटेने जात होती. लेखनिकाला पैसे देऊन अर्ज लिहून घेत होती, म्हणजे वर पोचेल अशी थोडी तरी आशा त्यांना होती. निव्वळ लहरीवर चालणाऱ्या राज्यात ठरलेल्या नमुन्यातला अर्ज कोण लिहील?

---

अरबी शिकतेय

एक छोटी भर. याच गेनिझात आपल्या पश्चिम किनाऱ्याशी जोडलेली पत्रंही आहेत. अब्राहम बेन यिजू हा ज्यू व्यापारी १२ व्या शतकात मंगळूरला सुमारे सतरा वर्षं राहिला. एडनचे त्याचे भागीदार त्याला माल पाठवताना सोबत साखर, मनुका आणि लिहायचा कागद भेट म्हणून पाठवत. आपल्याकडे तेव्हा ताडपत्राची रीत. कागदाचा कोरा ताव ही समुद्रापलीकडे भेट द्यायची वस्तू होती हे लक्षात ठेवलं, की खलिफाच्या हुकुमातल्या त्या मोकळ्या जागेची किंमत कळते.

---

देवघरातली पोथी

मी इथे फक्त वाचक असते, पण आज राहवलं नाही. आमच्याकडे पणजोबांच्या पोथीचा पुठ्ठा फुगून सुटायला लागलाय. आत कागदांचे थर आहेत आणि एकावर मोडी दिसतंय. आजवर त्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. एका कडेला जेवढं दिसतं त्याचा फोटो टाकतेय. पुठ्ठा पाण्यात भिजवून थर सोडवू का?

---

मोडीवाचक

ताई, कृपा करून भिजवू नका! चाकूही लावू नका. त्या पुठ्ठ्याने ते कागद इतकी वर्षं जपलेत, अजून थोडे दिवस जपेल. आहे तसा सपाट ठेवा, वर जड काही नको, कापूर किंवा डांबराच्या गोळ्याही त्याला चिकटून नकोत. फोटो काढताना उजेड एका बाजूने, तिरपा येऊ द्या, म्हणजे दबलेली अक्षरं उठून दिसतात. थर वेगळे करायचं काम कागद जतन करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

फोटोत दिसतंय तेवढं वाचलं. धान्याचा हिशेब वाटतो. ‘वसूल’ स्पष्ट आहे, त्याखाली ‘बाकी’, मग आकडे कापले गेलेत. वरच्या कडेला ‘सु॥ खमस सबैन मया व अलफ’. खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार: शुहूर सन ११७५, म्हणजे इ.स. १७७४-७५. उजव्या कोपऱ्यात गावाचं नाव अर्धं कापलंय, शेवटचं अक्षर ‘व’ आहे एवढं नक्की. पोथी कुठल्या गावची, ते सांगू शकाल का?